घसा दुखला की दिवस मोजा : स्ट्रेप्टोकोकसपासून लेकरांचं हृदय कसं जपायचं

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. एका आईनं सहावीतल्या लेकीला उपकेंद्राच्या ओट्यावर आणून बसवलं. "सिस्टर, हिच्या हातात काही राहीना. परवा ताट सांडलं, काल दुधाचं पातेलं. अक्षर बिघडलं म्हणून शाळेत बोलणी खाल्ली. सासू म्हणती बाहेरचं हाय, उतारा टाकू."

मी माझी दोन बोटं त्या पोरीच्या मुठीत दिली आणि म्हणाले, दाब गच्च. मूठ आवळली, सुटली, परत आवळली. म्हशीची धार काढताना हात जसा चालतो, तशी. जीभ बाहेर काढून धर म्हटलं तर ती क्षणात आत गेली. झोपेत हात हलतात का, असं विचारलं. आई म्हणाली, झोपली की एकदम शांत असती. मग विचारलं, "मागच्या पाच-सहा महिन्यांत घसा दुखला होता का?" आईनं आठवून सांगितलं, "पंचमीला. दोन दिवस गोळ्या खाल्ल्या, बरी झाली."

पंचमीला दुखलेला घसा आणि दिवाळीला सांडलेलं दूध यांचा संबंध आहे, आणि तो लावणारा जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकोकस. बालाघाटाच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्य सेविका आहे. या जंतूनं हृदयाच्या झडपा खराब झालेली लेकरं आणि बाळंतपणात दम लागून खाली बसलेल्या सुना मी पाहिल्या आहेत. त्यातलं बरंचसं नुकसान टाळता आलं असतं. फक्त वेळेवर दिवस मोजायला हवे होते.

आधी जंतूची ओळख

सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू माळेतल्या मण्यांसारखे ओळीनं दिसतात. 1874 साली थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदानं चिघळलेल्या जखमांमध्ये ते पाहिले आणि त्यांना हे ग्रीक नाव दिलं. पुढे 1933 मध्ये रेबेका लान्सफील्ड यांनी त्यांचे ए, बी असे गट पाडले. घसा, त्वचा आणि हृदयाचा त्रास होतो तो ए गटामुळे. या लेखात मुख्यतः त्याच्याबद्दलच सांगायचं आहे. बी गट आणि न्यूमोनियाचा भाऊबंद यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं येईल.

ए गट खोकल्या-शिंकण्याच्या तुषारांतून आणि दाटीवाटीच्या झोपण्यातून पसरतो. एका खोलीत सात माणसं झोपत असतील तर एकाचा घसा सगळ्यांचा व्हायला वेळ लागत नाही. चिंचा, बोरं, बर्फाचा गोळा यांतून हा आजार होत नाही. त्यासाठी लेकराला रागावू नका, त्या वेळात त्याचा घसा बघा.

घसा घरी कसा बघायचा

लेकराला दारात, उजेडाकडं तोंड करून बसवा. मोबाइलची बॅटरी लावा. स्वच्छ चमच्याचा दांडा जिभेच्या पुढच्या भागावर ठेवा, फार आत घालू नका, नाहीतर उलटी येईल. लेकराला "आऽऽ" म्हणायला लावा. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना ज्या गाठी दिसतात ते टॉन्सिल. ते लालभडक आणि सुजलेले आहेत का, त्यांवर ज्वारीच्या कण्यांएवढे पांढरे-पिवळे ठिपके किंवा पू आहे का, टाळूवर बारीक लाल ठिपके आहेत का, हे पाहा.

मग दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कोपऱ्याखाली ठेवून हलकं दाबा. गाठ लागते का आणि दाबल्यावर लेकरू तोंड वाकडं करतं का? अंगात ताप आहे का?

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : खोकला आणि नाक गळणं आहे का? ते असेल, आवाज बसला असेल, डोळे लाल असतील, तर बहुतेक वेळा तो विषाणूचा घसा असतो. त्याला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. घसा दुखणाऱ्या दहा लेकरांपैकी साधारण दोन-तीन लेकरांचाच घसा स्ट्रेपचा असतो. पण वय 5 ते 15 च्या दरम्यान, ताप, टॉन्सिलवर पू, दुखणाऱ्या गाठी आणि खोकला अजिबात नाही, असं सगळं एकत्र जुळलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. अंगावर पॉलिश पेपरसारखी खरखरीत बारीक पुरळ आणि दाणेदार लाल जीभ दिसली, तर तोही याच जंतूचा ताप असू शकतो.

घशात राखाडी, चिकटलेला पडदा दिसला आणि मान सुजून बैलासारखी झाली असेल तर तो घटसर्प असू शकतो. तो पडदा खरवडू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. तोंड उघडता येत नाही, लाळ गिळता येत नाही, श्वास घेताना आवाज येतो, अशा वेळीही उद्यापर्यंत थांबू नका.

पडजीभ पडली म्हणून बोटानं दाबून घ्यायची पद्धत आपल्याकडं अजून आहे. मी हात जोडून सांगते, करू नका. सुजलेल्या जागी जखम होते आणि दिवस वाया जातात.

नऊ दिवस आणि दहा दिवस

स्ट्रेपचा घसा औषध न घेताही तीन-पाच दिवसांत आपोआप बरा वाटायला लागतो. सगळी फसगत इथंच होते. औषध घशासाठी कमी आणि हृदयासाठी जास्त असतं. घसा दुखायला लागल्यापासून 9 दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तर ऱ्हुमॅटिक फीव्हर, म्हणजे सांधे धरणारा आणि हृदयाच्या झडपा खराब करणारा ताप, टाळता येतो. म्हणजे पहिल्या दिवशी दवाखाना चुकला तरी सगळं संपलं असं नाही. जिथं घशाचा स्वॅब तपासायची सोय आहे तिथं अहवाल यायला एक-दोन दिवस लागले तरी चालतं. फक्त घसा कधी दुखायला लागला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

औषध कोणतं आणि किती हे डॉक्टर वजन बघून ठरवतात. तुम्हाला एवढं माहीत असावं की पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या पूर्ण 10 दिवस घ्यायच्या असतात. इतकी वर्षं वापरूनही हा जंतू पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला नाही. अशी उदाहरणं जंतूंच्या जगात फार थोडी. तरीही तिसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्यांची पट्टी फळीवर जाते आणि पुढच्या वेळी दुसऱ्या लेकराला दिली जाते. दोन्ही लेकरांचं नुकसान होतं. मी आयांना सांगते, पट्टीवर पेनानं 1 ते 10 आकडे लिहा आणि गोळी दिली की आकडा खोडा.

दहा दिवस गोळ्या घेणं होणारच नाही असं वाटत असेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यात लाज कसली? बेंझाथिन पेनिसिलिनची एकच सुई त्या दहा दिवसांचं काम करते. 27 किलोपेक्षा कमी वजनाला 6 लाख युनिट आणि त्यापुढे 12 लाख. खुरपणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत मला तरी हीच सोय बरी वाटते. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर डॉक्टर दुसरं औषध देतात.

गावात फिरणारी "लगेच फरक पडणारी" सुई पुष्कळदा स्टेरॉइडची असते. ताप आणि सूज संध्याकाळपर्यंत उतरते, जंतू मात्र तिथंच राहतो. सल्फाच्या आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्याही या घशावर भरवशाच्या नाहीत. तापासाठी पॅरासिटामॉल, गुळण्यांसाठी कोमट मिठाचं पाणी, खायला पातळ भात किंवा ज्वारीची पेज. एवढं पुरेसं आहे. औषध सुरू होऊन पूर्ण 24 तास गेले आणि ताप नसला की लेकरू शाळेत जाऊ शकतं.

घसा बरा झाल्यावर काय बघायचं

घसा बरा झाल्यावर साधारण दोन-तीन आठवडे काहीच होत नाही. त्यानंतर ऱ्हुमॅटिक फीव्हर येतो. शरीरानं जंतूशी लढायला जी हत्यारं बनवली, तीच स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालायला लागतात, कारण जंतूच्या अंगावरचे काही भाग आपल्या पेशींसारखे दिसतात. हा ताप सांध्यांना नुसता चाटतो आणि हृदयाला चावतो, असं वैद्यकात फार जुन्या काळापासून म्हटलं जातं.

लक्षण फसवं असतं. आज गुडघा सुजतो, दोन दिवसांनी तो बरा होतो आणि घोटा धरतो, मग मनगट. लोक म्हणतात वात आहे, लेकरू खेळून आलंय, वाढीचं दुखणं आहे. सूज आणि ताप असलेला, जागा बदलणारा सांधा वाढीच्या दुखण्यात कधीच नसतो. चढ चढताना दम लागणं, रात्री उशी उंच करून झोपावं लागणं, छातीत धडधडणं, अंगावर न खाजणारी लालसर कडी उठणं, ही बाकीची लक्षणं. आणि त्या पोरीसारखे हात-पाय आपोआप उडणं, ज्याला कोरिया म्हणतात. तो घशानंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकतो आणि मुलींमध्ये जास्त दिसतो. कोरिया आला तर सांधे दुखलेले नसले तरी हृदय तपासलंच पाहिजे.

तपासणीत इसीजी आणि मुख्य म्हणजे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चिठ्ठी घेऊन जा. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा हृदयाचा आजार आहे. पुढे ऑपरेशन लागलं तर त्यातून आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मदत मिळते. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार जपून ठेवा.

एएसओ या रक्ततपासणीबद्दल एक सांगायलाच हवं. तो आकडा वाढला म्हणजे मागे कधीतरी या जंतूशी गाठ पडली होती, एवढंच कळतं. लेकरू ठणठणीत असताना नुसत्या त्या कागदावरून वर्षानुवर्षं सुया सुरू करू नयेत. उलट, सांधे सुजलेत आणि आकडा साधा आलाय, म्हणून निर्धास्तही होऊ नये.

एकवीस दिवसांची सुई : तीन बाजार

एकदा ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला की पुढचा प्रत्येक स्ट्रेपचा घसा झडपेला आणखी जखम करू शकतो. म्हणून जंतूला घशात बसूच द्यायचं नाही. त्यासाठी दर 21 दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिन. आपल्याकडं तिला पेनिड्यूर म्हणून ओळखतात. कमी वजनाच्या लेकरांना डॉक्टर लहान मात्रा दर 15 दिवसांनी देतात.

ही सुई किती वर्षं? हृदयाला धक्का नसेल तर 5 वर्षं किंवा वयाच्या 18 पर्यंत, यातलं जे उशिरा येईल ते. थोडा धक्का बसून भरून आला असेल तर 10 वर्षं किंवा 25 पर्यंत. झडप फार खराब असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर 40 पर्यंत किंवा जन्मभर. हे ऐकून आईचा चेहरा उतरतो, मला ते दिसतं. पण हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर दोन वर्षांनी "आता बरी हाय की" म्हणून सुई बंद होते.

21 दिवस लक्षात ठेवायची युक्ती मला एका आजीनं शिकवली. 21 म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणजे सुईचा वार कधी बदलत नाही. आमच्या गावचा बाजार मंगळवारी. पहिली सुई मंगळवारी दिली की पुढची तिसऱ्या बाजाराला. तारीख वाचता न येणाऱ्या आजीनं नातवाची एकही सुई चुकवली नाही. तेव्हापासून मी पहिली सुई मुद्दाम बाजाराच्या दिवशी देते. बाजार बुडाला तर आदल्या दिवशी या, नंतर नको.

सुई दुखते, हे लेकरापासून लपवू नका. औषध घट्ट, चुन्याच्या पाण्यासारखं पांढरं असतं, म्हणून सुई जाड लागते. लेकराला उपाशी आणू नका, भाकरी खाऊ घालून, पाणी पाजून आणा. मी कुपी थोडा वेळ हातात धरून तिचा गारवा घालवते, लेकराला आडवं झोपवते आणि दोन-तीन मिनिटं लावून हळूहळू देते. ही सुई मांसातच खोल द्यायची असते, शिरेत कधीच नाही. नंतर अर्धा तास ओट्यावर बसवून ठेवते. गंभीर रिॲक्शन फार क्वचित येते, पण ती थोपवणारं ॲड्रेनॅलिन हाताशी लागतं. घरी गेल्यावर थोडं चालू द्या, शेक द्या. ज्यांचं हृदय आधीच फार दमलंय त्यांना सुईऐवजी रोजच्या गोळ्या द्यायच्या का, ते हृदयाचे डॉक्टर ठरवतात.

मुलींच्या आयांना आणखी एक सांगते. लग्न जमायचं नाही म्हणून झडपेचा आजार लपवू नका. गरोदरपणात हृदयावरचा भार खूप वाढतो आणि अरुंद झडप तेव्हाच दम देते. आधी कळलं तर फुग्यानं झडप उघडता येते, बाळंतपण कुठं करायचं ते ठरवता येतं. झडप बदलून रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं लागतं.

कातडीचं दुखणं आणि लघवीचा रंग

हाच जंतू कातडीवर मधाच्या रंगाच्या खपलीचे फोड आणतो. आपल्याकडं त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा खरूज असते. नुसतं फोडांना मलम लावून भागत नाही, खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावं लागतं, कपडे-पांघरुणं कडक उन्हात घालावी लागतात.

कातडीच्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी, घशानंतर एक-दोन आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती फुगलेलं तोंड आणि काळ्या चहासारखी लघवी ही त्याची खूण. तेव्हा रक्तदाब मोजलाच पाहिजे. बहुतेक लेकरं यातून पूर्ण बरी होतात, पण वाढलेला रक्तदाब तसाच राहिला तर झटके येऊ शकतात.

कोयत्याची, पाचटाची, काट्याची जखम लाल, गरम होऊन पसरायला लागली की लालीच्या कडेनं पेनानं रेघ ओढा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली, थंडी वाजून ताप आला, तर दवाखाना. वरून जखम लहान दिसते पण वेदना सहन होत नाही, कातडी काळी-निळी पडते, फोड येतात, असं झालं तर तासाचाही उशीर जिवावर बेततो. साखर असलेल्या माणसानं तर अजिबात थांबू नये.

बाळंतीण, नवजात बाळ, न्यूमोनिया

बाळंतज्वराचा एक मोठा गुन्हेगार हाच ए गट. 1847 मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. तेव्हा जंतूचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. बाळंतपणानंतर ताप, ओटीपोटात दुखणं, अंगावरून घाण वास येणं, याला "दूध उतरलंय" म्हणून घरी थांबू नका.

बी गटाचा जंतू आईला काही त्रास न देता नवजात बाळाला गाठतो. बाळ दूध ओढेना, कण्हतं, अंग गार किंवा गरम पडलं, तर लगेच न्या. पाणमोट फुटून बराच वेळ झाला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

न्यूमोनिया आणि मेंदूज्वर आणणारा न्यूमोकोकसही याच घराण्यातला. त्याची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात मोफत आहे : दीड महिना, साडेतीन महिने आणि 9 महिने. ए गटावर मात्र अजून लस नाही.

ऊसतोडीची टोळी निघण्याआधी

त्या पोरीचा इको झाला तेव्हा झडप थोडीशीच गळत होती. पहिली सुई मी दिली. दिवाळी झाली आणि आई-बापानं ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असल्यामुळे सगळं घर ट्रॅक्टरमध्ये बसून निघून गेलं. तिकडं आई तिला एका दवाखान्यात घेऊन गेली होती. "ही सुई आम्ही देत नाही, रिॲक्शन येते," असं सांगून परत पाठवलं. आईजवळ दाखवायला कागद नव्हता, कारण तो मी दिलाच नव्हता. ती चूक माझी होती. गुढीपाडव्याला पोरगी परत आली तेव्हा दोन्ही गुडघे सुजलेले होते आणि उपकेंद्राच्या पाच पायऱ्या चढताना तिला दोनदा थांबावं लागलं. झडप पहिल्यापेक्षा जास्त गळत होती.

म्हणून आता टोळ्या निघायच्या आधी मी प्रत्येक लेकराची शंभर पानी वही तयार करते. पहिल्या पानावर आजाराचं नाव, इकोचा निकाल, वजन, सुईची मात्रा, आधीच्या सगळ्या सुया रिॲक्शनविना झाल्याची नोंद आणि डॉक्टरांची सही-शिक्का. दुसऱ्या पानावर पाडव्यापर्यंतच्या सुयांच्या तारखा. त्या पानांचा फोटो आईच्या आणि मुकादमाच्या मोबाइलमध्ये. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता मुकादमाकडून आधीच विचारून घ्यायचा, तिथं सुई मिळेल का ते फोनवर बोलून ठेवायचं. निघायच्या दिवशी सुईला चार-पाच दिवस राहिले असतील तर ती आधीच देऊन टाकायची, मोजणी त्या दिवसापासून. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, पोचल्यावर तिथला बाजार कोणत्या वारी भरतो ते बघायचं. आणि जमत असेल तर लेकराला गावातल्या हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ ठेवायचं. शाळा बुडत नाही आणि सुईही.

ती पोरगी आता आजीजवळ राहते. वही पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली असते. मागच्या मंगळवारी आली तेव्हा तिनंच उघडून मला पान दाखवलं : सतरा तारखा खोडलेल्या, अठरावी त्या दिवसाची.